खांबेटेबाईंचा आवाज

‘मग गुरुवारी अकराला येतो, मिसेस खॅम्बेट,’ फोनवर हॅनरहन म्हणाला. ‘दोन महिने नुसता आवाज ऐकतोय तुमचा. आता भेटही होईल.’ त्यावर मिसेस खांबेटे ‘ग्रँड, ग्रँड, चहा तयार ठेवते’ असं हसत म्हणाल्या, त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि त्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मटकन बसल्या. कारण त्या मिसेस खांबेटे नव्हत्याच. त्या सोळा वर्षांच्या होत्या, त्यांच्या एकाच पायात मोजा होता, दातांना तारा होत्या आणि त्यांचं नाव शर्वाणी होतं. खऱ्या मिसेस खांबेटे वरच्या छोट्या खोलीत भिंगाखाली मान घालून केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळत होत्या, आणि गुरुवारी अकरा वाजता करखात्याचा एक माणूस त्यांच्याच अर्जासाठी, त्यांच्याच चहाच्या आमंत्रणावरून त्यांना भेटायला येणार आहे, याचा त्यांना पत्ताही नव्हता.

शर्वाणीनं उघडा पाय मोज्यातल्या पायावर ठेवला. वरून यंत्राची किर्र ऐकू येत होती. जुन्या शिलाई मशीनची मोटर आणि पायपट्टी जोडून आईनं स्वतः बनवलेलं यंत्र. दर शंभर वेढ्यांना ती पाय उचलायची, किर्र थांबायची, मग पुन्हा सुरू. शर्वाणीला वाटलं, आता थांबली की वर जाऊन सांगून टाकावं. थांबली. ती उठली नाही. पुढच्या शंभराला. थांबली, सुरू झाली. लिमरिकच्या डूराडॉईल भागातल्या त्या घराच्या भिंती इतक्या पातळ की शेजारच्यांच्या टोस्टरमधून पाव उडाला तरी कळायचं, आणि तरी दोन महिने तिनं खाली उभं राहून आई म्हणून गप्पा मारल्या होत्या, आणि वर आईला त्यातलं काही, म्हणजे काहीच, ऐकू गेलं नव्हतं? मोटरचा आवाज असतो, तिनं स्वतःला बजावलं. शिवाय गुंडाळताना आईला श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो, तार तुटते. आई कुठली ऐकतेय.

त्या तारेची वेटोळी कानात घालायच्या यंत्रांसाठी असायची. साखरेच्या दाण्याएवढी. ती यंत्रात बसवली की ऐकू न येणाऱ्या माणसाला टेलिफोन स्वच्छ ऐकू येतो, असं आईनं एकदा समजावून सांगितलं होतं, आणि तेव्हा शर्वाणीला त्यात गंमत वाटली नव्हती. आता पायरीवर बसून वाटली, पण हसू आलं नाही. सगळा माल डेन्मार्कच्या एका कंपनीला जायचा. तार, लाख, डब्या, सगळं इथं घ्यायचं तर वर कर भरा, मग महिनोन् महिने परताव्याची वाट बघा. ज्यांचा जवळजवळ सगळा माल देशाबाहेर जातो त्यांना एक परवाना मिळतो, की खरेदीच्या वेळी दुकानदारानं कर लावायचा नाही, जे काय असेल ते तुमचं तुम्ही थेट खात्याला दाखवायचं. त्या परवान्याचा अर्ज होता. डेन्मार्कवाल्यांनी जूनपासून तिप्पट वेटोळी मागितली होती. परवाना असेल तर आई दोन नवी यंत्रं घेऊ शकत होती आणि भाड्यानं एक खरी खोलीसुद्धा, खिडकीवाली. नसेल तर डेन्मार्कवाले दुसरीकडे जाणार होते, तसं त्यांनी अगदी गोड शब्दांत कळवलं होतं. अर्जाच्या शेवटच्या पानावर छापलं होतं, वरील माहिती खरी व पूर्ण आहे. खाली आईची सही होती, पुण्याच्या पॉलिटेक्निकमध्ये हजेरीपुस्तकावर करायची तशी, शेवटी एक लांब रेघ ओढलेली. आणि त्या खऱ्या व पूर्ण माहितीच्या भोवती शर्वाणीनं दोन महिने एक खोटी बाई हिंडवली होती.

सुरुवात इतकी साधी होती! फेब्रुवारीत पहिला फोन आला तेव्हा आईनंच उचलला होता. हॅलो म्हणाली. मग ‘सॉरी?’ असं पलीकडून आलेलं शर्वाणीला हाताभर अंतरावरूनही कळलं, कारण आईनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग पुन्हा सॉरी. तिसऱ्यांदा आईनं वाक्य म्हटलंच नाही. तिनं रिसीव्हर शर्वाणीच्या हातात दिला, हात ओला असल्यासारखा पदर नसलेल्या कमरेला पुसला आणि ती जिना चढून गेली. ‘मिसेस खॅम्बेटच ना?’ पलीकडून तो विचारत होता. शर्वाणीला म्हणायचं होतं की नाही, मी त्यांची मुलगी. पण जिन्यावरून जाणाऱ्या आईच्या टाचा दिसत होत्या, भेगा पडलेल्या, आणि त्या टाचांकडे बघताबघता तिच्या तोंडातून एकच शब्द निघून गेला. ‘स्पीकिंग.’ बोलतेय. बस. एका शब्दाचं खोटं. पुढच्या खेपेला त्यानं विचारलंसुद्धा नाही, ‘हॅलो देअर, मिसेस खॅम्बेट’ म्हणूनच सुरू झाला.

आणि मजा यायला लागली, हे तरी कबूल करायलाच हवं. शर्वाणीला आपला आवाज नुकताच कुठे सापडला होता. म्हणजे वर्गात हात वर न करता उत्तर देणं, बसवाल्याशी हुज्जत घालणं, वादविवादात समोरच्या शाळेच्या मुलीला हसतहसत गप्प करणं, हे सगळं गेल्या वर्षभरातलं. नवीन सायकल मिळाल्यावर उगाच दुकानात जाऊन यावं तसं तिला उगाच कुणाशीही बोलावंसं वाटायचं. हॅनरहन बोलका होता. अर्जातल्या रकान्यांवरून तो पावसावर जायचा, पावसावरून त्याच्या गुडघ्यावर. मग त्यानं विचारलं, तुम्ही आधी काय करायचात? आणि शर्वाणी, आईच्या आवाजात, म्हणजे खरं तर स्वतःच्या अस्सल लिमरिकच्या आवाजात, म्हणाली की मी पुण्यात शिकवायचे. सत्तर पोरं असायची वर्गात, सगळी माझ्याहून उंच, आणि मी फळ्याकडे पाठ न फिरवता लिहायचे. आठवण येते? त्यानं विचारलं होतं. आणि ती म्हणाली होती, येते. आवाजाची येते. अख्खी खोली माझं ऐकायची, आता दिवसभरात मी किती शब्द बोलते ते बोटांवर मोजता येतील. हे कुठून आलं, हे तिला तेव्हाही कळलं नव्हतं. आई असं कधीच म्हणाली नव्हती. फोन ठेवल्यावर शर्वाणीचे कान तापले होते, कुणाच्या तरी कपाटातून काहीतरी काढून आपण दारावरच्या परक्या माणसाला दाखवावं, तसे.

आणि आता तो माणूस येऊन हे सगळं आईसमोर बोलणार होता.

त्या दिवशीची, सोमवारची संध्याकाळ मोठी विचित्र गेली. आमटीला फोडणी बसली, खोकला आला, आईनं एक्झॉस्ट लावला, आणि शर्वाणीला प्रत्येक आवाज वेगळा काढून ऐकल्यासारखा ऐकू येत होता, जसा त्या काचेच्या खोलीत यायचा. ती खोली तिला कित्येक वर्षांत आठवली नव्हती. पुण्याहून सगळे इथं आले तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि शाळेत आठ महिने ती एक शब्द बोलली नव्हती. कळत सगळं होतं. पण शब्द तोंडाशी येऊन तिथंच उभे राहायचे, लोकांच्या घरी चपला कुठे काढायच्या ते न कळून दारात उभं राहावं तसे. शेवटी शाळेनं ऐकण्याची तपासणी करायला पाठवलं. कानांवर मोठे हेडफोन, हातात बटण, टूं वाजलं की दाबायचं. काचेपलीकडे आई-बाबा. तिनं सगळी टूं पकडली, अगदी मुंगीएवढीसुद्धा. मग शाळेत बैठक झाली, आणि तिथं आई उभी राहिली होती. बाकी सगळे बसले असताना उभी, वर्गात राहायची तशी, आणि मोठ्या, स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाली होती, ‘माझ्या मुलीला सगळं ऐकू येतं. ती थांबली आहे.’ मुख्याध्यापिका म्हणाल्या, ‘सॉरी?’ आईनं पुन्हा म्हटलं. ‘सॉरी?’ पुन्हा. मग त्या बाईंनी हसून बाबांकडे बघितलं, आणि बाबांनी तेच वाक्य हळू आवाजात, खाली बघत सांगितलं, आणि सगळ्यांना लगेच कळलं. आई बसली. शर्वाणीला आता वाटायला लागलं की आई तेव्हा जी बसली ती बसलीच. त्यानंतर महिन्याभरात शर्वाणी बोलायला लागली, धो धो, वर्गातल्या पोरींच्याच सुरात. आणि घरातले फोन, गॅसवाले, दाताचे डॉक्टर, शाळेच्या चिठ्ठ्या, एकेक करून तिच्याकडे येत गेलं. घरात जणू आवाजाचं एकच भांडं होतं आणि ते आईकडून तिच्याकडे ओतलं गेलं होतं. छे, असं काही नसतं. पण आमटीत चमचा फिरवताना तिला ते भांडं दिसत होतं.

‘जेवणात लक्ष आहे का तुझं?’ आईनं विचारलं.

‘आहे की.’

‘मग मीठ नाही घातलंय मी, ते कसं नाही कळलं?’

मंगळवारी तिनं वर्गातल्या ईफाला सांगितलं. माध्यमिकच्या चौथ्या वर्षाला त्यांच्या शाळेत दोन आठवडे बाहेर कुठेतरी काम करावं लागायचं. ईफा केस कापायच्या दुकानात झाडू मारत होती, आणि शर्वाणीनं शाळेच्या फॉर्मवर आईचीच कंपनी लिहिली होती, कारण ते सोपं होतं आणि उशिरा उठता येत होतं. ईफा दुकानाच्या मागच्या दारी सँडविच खात सगळं ऐकत राहिली आणि म्हणाली, ‘जीझ, तू तुरुंगात जाणार.’

‘गप.’

‘तू नाही, तुझी आई. सही तिची आहे.’ मग शर्वाणीचा चेहरा बघून तिनं घाईनं सँडविच गिळलं. ‘अगं, गंमत केली. सोपं आहे. घसा बसलाय म्हण आईचा. बोलताच येत नाहीये. मग तू बोल. तुझा त्यात हातखंडाच आहे.’

घरी येताना बसच्या वरच्या मजल्यावर पहिल्या सीटवर बसून शर्वाणीनं ते पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. फांद्या काचेवर आपटत होत्या. तुरुंग वगैरे काही नाही, हे तिला माहीत होतं. पण बाबांचा हॉस्पिटलमधला करार दर सहा महिन्यांनी नवा व्हायचा, पासपोर्टवरचे शिक्के बघून, आणि असल्या घरात कुणी एक फॉर्म चुकीचा भरला की तो कुठल्यातरी फाइलीतून निघून दुसऱ्या फाइलीकडे चालत जातो, अशी भीती सगळ्यांच्या पोटात कायमची असते, कुणाला शिकवावी लागत नाही. आणि त्या भीतीहून खाली, अजून एका पायरीवर, दुसरी भीती होती. हॅनरहन आत येणार, गुडघा सांभाळत बसणार आणि म्हणणार, तुम्हाला त्या वर्गाची फार आठवण येते ना. आणि आई म्हणणार, कुणी सांगितलं? बस वळली आणि शर्वाणीचं कपाळ काचेवर आपटलं.

बुधवारी सकाळी ती हॉट प्रेसपाशी उभी राहिली. गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं ते कपाट; इथले लोक त्यात टॉवेल ठेवतात. आईच्या हॉट प्रेसमध्ये वरच्या फळीवर लाखेत बुडवून काढलेली वेटोळी वाळत असायची आणि खालच्या फळीवर इडलीचं पीठ फुगत असायचं. आई चिमट्यानं एकेक वेटोळं उचलून उजेडात बघत होती.

‘आई, उद्या करवाल्यांकडून माणूस येणार आहे. जागा बघायला. अकराला.’

‘उद्या?’ आईनं चिमटा खाली ठेवला नाही. ‘मला कधी कळणार होतं?’

‘आत्ताच कळवलं त्यांनी. म्हणजे सोमवारी. आई, ऐक ना. तुझा घसा बसलाय असं सांगू या? तू काही बोलू नकोस, मी बोलते. पटकन उरकेल.’

आईनं वेटोळं फिरवून दुसरी बाजू बघितली. एवढा वेळ तिनं कुठल्याच वेटोळ्याकडे बघितलं नव्हतं. ‘का?’ तिनं विचारलं.

‘तो फार भराभर बोलतो. केरीकडचा आहे बहुतेक, तिकडचे सगळे असेच बोलतात. मलाच कळत नाही अर्धं.’

‘बरं,’ आई म्हणाली. नुसतं बरं. आणि शर्वाणीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही, कारण आई कधीच एका शब्दात बरं म्हणत नसे, आधी दहा प्रश्न विचारी.

गुरुवारी बाबा रात्रपाळी संपवून घरी आले तेव्हा आई गळ्याभोवती लोकरी मफलर गुंडाळून चहा गाळत होती. बाबा भूलतज्ज्ञ; माणसाचा घसा दिसला की त्यांना आत बघितल्याशिवाय राहवत नसे. खिशातला टॉर्च काढून त्यांनी आईला आ करायला लावला. ‘विभा, घसा तर ठणठणीत आहे तुझा.’

‘मला वाटतं बसलाय,’ आई अगदी खणखणीत आवाजात म्हणाली.

‘बसलेले घसे असं बोलत नाहीत.’

‘अकरा वाजता बसणार आहे. तुम्ही झोपा.’

बाबांनी शर्वाणीकडे बघितलं. शर्वाणीनं कॉर्नफ्लेक्सकडे बघितलं. तिला जाणवलं की आईला काहीतरी माहीत आहे. किती माहीत आहे ते मात्र जाणवेना.

हॅनरहन फोनवर वाटायचा त्याहून लहान निघाला. बुटका, गुबगुबीत, ओल्या कोटातला, आणि गुडघा खरंच दुखरा होता. दारातच त्यानं आईचा हात दोन्ही हातांत घेतला. ‘अखेर भेट झाली!’ आईनं हसून मफलरकडे बोट केलं. ‘अरेरे,’ तो म्हणाला, ‘सोमवारी फोनवर तर मस्त होता आवाज.’ आणि शर्वाणीनं तोंड उघडलं. त्याच क्षणी तिला कळलं की ज्याचा विचारच केला नाही असं काहीतरी राहून गेलं आहे. तिचाच तर आवाज होता तो! एक वाक्य बोलली की तो ओळखणार. तोंड उघडं, हॅनरहन बघतोय, आई बघतेय. आणि तिच्या तोंडातून निघालं ते तिचं बोलणं नव्हतंच. ‘मम्मीज थ्रोट इज ॲक्च्युअली नॉट वेल, सर. प्लीज टेक युवर सीट.’ शब्द ठोकून ठोकून, प्रत्येक अक्षर वेगळं, र घोळवलेला, शेवटाला आवाज वर. ते पुण्याचं होतं. ते आईचं होतं. हुबेहूब आईचं. आपण हे इतकं नेमकं करू शकतो हे शर्वाणीला स्वतःलाच माहीत नव्हतं; आठ वर्षं ते तिच्या आत कुठेतरी चकतीवर रेकॉर्ड होत राहिलं असणार, वळणावळणासकट. तिनं आईकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलताच आलं नसतं, आणि आता थांबणं तर शक्यच नव्हतं. ‘धिस इज ॲक्च्युअली द वर्करूम, सर.’ तिची मान लाल होत होती हे तिला आतून कळत होतं. तार इथून येते, इथं गुंडाळली जाते, इथं मोजली जाते. स्वतःच्या आईची नक्कल करत ती आईच्या खोलीत, आईच्या यंत्राशेजारी, आईच्या देखत बोलत राहिली, आणि आई दाराशी मफलरात गप्प उभी होती.

हॅनरहननं हॉट प्रेस बघितला, खालच्या भांड्यावरचं झाकण उचलून ‘हा कच्चा माल का?’ असं विचारलं, बाहेर गेलेल्या मालाच्या पावत्या चाळल्या, वहीत टिपणं केली. मग खुर्चीत रेलून तो शर्वाणीकडे वळला. ‘म्हणजे तू ती मुलगी. तुझ्याविषयी फार ऐकलंय हं मी.’ तो आईकडे वळला. ‘मार्चमध्ये तुम्ही म्हणाला होतात ना, मिसेस खॅम्बेट, पोरगी फारच हुशार आहे, तिच्यासारखी अख्ख्या लिमरिकमध्ये नाही?’

जमिनीत एखादं भोक असतं तर शर्वाणी त्यात बुटांसकट गेली असती. म्हटलं होतं. गमतीत म्हटलं होतं.

‘आणि ते वर्गाचं,’ तो जरा हळू आवाजात पुढे म्हणाला. ‘खरं सांगू, घरी जाऊन मी बायकोला सांगितलं. सत्तर पोरं, अख्खी खोली तुमचं ऐकायची, आणि आता दिवसाचे शब्द बोटांवर मोजता येतात. चटका बसला मला त्या बोलण्याचा.’

यंत्र बंद, पाऊस बंद. शेजारी टोस्टरसुद्धा नाही. शर्वाणी यंत्रावरच्या तारेकडे बघत होती. एवढी बारीक की नुसत्या नजरेनं तुटेल. आईच्या हाताची हालचाल तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली. आई मफलर सोडत होती. एक वेढा, दोन वेढे. तिनं तो घडी घालून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

‘सेव्हंटी-टू,’ आई म्हणाली.

‘सॉरी?’ हॅनरहन म्हणाला.

‘सेव्हंटी-टू.’ आवाज मुळीच चढवला नव्हता. तेच शब्द, त्याच जागेवरून. ‘सत्तर नाही. बहात्तर. हजेरी मी घ्यायचे.’

हॅनरहननं आईकडे बघितलं, मग शर्वाणीकडे, मग आईकडे, आणि त्याच्या गुबगुबीत चेहऱ्यावरून काहीतरी सावकाश सरकत गेलं. त्यानं पेनाला टोपण लावलं. ‘मग फोनवर, मॅडम,’ त्यानं विचारलं, आणि आता तो करखात्याचा माणूस होता, ‘फोनवर माझ्याशी कोण बोलत होतं?’

शर्वाणीनं तोंड उघडलं. आता कुठलाच आवाज तयार नव्हता, ना हा ना तो. आठ वर्षांची असताना उभे राहायचे तसे शब्द दाराशी उभे राहिले.

‘आवाज हिचा,’ आई म्हणाली. ‘चूक आहे. तिनं तिचं नाव सांगायला हवं होतं, आणि मी विचारायला हवं होतं. मला वरच्या खोलीत ऐकू येतं सगळं. मोटर दर शंभराला थांबते.’ मग यंत्रावर हात ठेवून, ‘पण शब्द माझे आहेत.’

‘सगळे?’

‘ती हुशार आहे, ते सोडून.’

हॅनरहन इतका हसला की गुडघा धरून बसला. पण हसून झाल्यावर त्यानं वही पुन्हा उघडली. सगळे प्रश्न पहिल्यापासून, म्हणाला, आता तुम्ही सांगा. आणि आईनं सांगितलं. सांगितलं कसलं, शिकवलं. वेटोळं म्हणजे काय, तारेला ताण किती, माल कुठल्या पेटीतून कुठे जातो, कुठल्या कागदावर कुठला शिक्का बसतो. तो सॉरी म्हणाला की ती तेच वाक्य पुन्हा म्हणायची, न लाजता, न घाई करता, आणि चौथ्या-पाचव्या खेपेनंतर तो सॉरी म्हणायचा थांबला. ॲक्च्युअली मात्र सारखं येत होतं. बाराला पाच मिनिटं असताना तो उठला. ‘वरिष्ठांना हे सगळं सांगावं लागेल. काय म्हणतील सांगू शकत नाही. उत्तर मी फोनवर देईन,’ तो दारात म्हणाला. ‘आणि फोन तुम्ही उचलायचा. दुसऱ्या कुणी उचलला तर मी ठेवून देईन.’

दार लागल्यावर दोघी बराच वेळ आपापली कामं करत राहिल्या. शर्वाणीनं कप विसळले, पुसले, पुन्हा विसळले. वर किर्र सुरू झाली होती. शेवटी ती जाऊन दाराशी उभी राहिली. रडू येत होतं, पण ते वापरायला तिला लाज वाटत होती.

‘माझं बोलणं असं ऐकू येतं?’ आईनं भिंगातून मान न काढता विचारलं.

शर्वाणीनं चौकटीवरचा रंग नखानं खरवडला.

‘बरंच जमलंय. पण ॲक्च्युअली एवढ्यांदा नाही म्हणत मी.’

‘म्हणतेस.’

‘खरंच?’

‘वाक्याला दोनदा.’

आईच्या खांद्यांना हसू आलेलं पाठमोरं दिसलं. मग ते थांबलं. ‘आणि मला त्या पोरांची आठवण येते, हे कोणी सांगितलं तुला?’

‘कोणी नाही.’

‘हं,’ आई म्हणाली, आणि तिनं पाय पट्टीवर ठेवला.

पुढच्या शुक्रवारी शाळेचा कागद भरायचा होता, मालकानं कामगाराविषयी लिहायचा. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा यांपुढे आईनं बारीक अक्षरात ‘साधारण’ असं लिहिलं. संवादकौशल्याच्या रकान्यापाशी ती इतका वेळ थांबली की शर्वाणी तिच्या खांद्यावरून वाकून बघायला लागली. ‘बोलते उत्तम,’ तिनं लिहिलं. ‘ऐकण्याची सवय हवी.’

फोन आला तो त्यानंतरच्या मंगळवारी, दुपारी साडेचारला. शर्वाणी शाळेतून येऊन एक मोजा काढत होती. पहिल्या घंटेला तिचा हात आपोआप रिसीव्हरकडे गेला, अगदी टेकेपर्यंत. तिला त्याचा थंड प्लास्टिकचा स्पर्शही झाला. तिनं हात मागे घेतला. दुसरी घंटा. वर किर्र चालूच होती. तिसरी. थांबव ना गं, तिला ओरडायचं होतं, आता शंभर कशाला पुरे करतेस, तो ठेवून देईल. चौथी. किर्र थांबली. आईच्या टाचा जिन्यावरून खाली आल्या, शर्वाणीला ओलांडून गेल्या, आणि शर्वाणी तिसऱ्या पायरीवर बसली.

‘येस,’ आई म्हणाली. ‘स्पीकिंग.’

मग पलीकडून खूप काही आलं. आईच्या पाठीवरून काहीही कळत नव्हतं. शर्वाणीनं मोजा मुठीत आवळून धरला. आईनं ‘आय सी’ म्हटलं, मग पुन्हा ‘आय सी’, आणि कोपऱ्यातली पेन्सिल घेऊन काहीतरी उतरवून घेतलं. ‘एक मिनिट. मी परवान्याचा नंबर वाचून दाखवते. तुम्ही ऐका,’ ती म्हणाली, आणि टेलिफोनशेजारच्या त्या अरुंद बोळात ताठ उभी राहिली. पहिला आकडा. थांबून दुसरा. शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा प्रत्येक आकडा सुटा, ठणठणीत, वरच्या खोलीपर्यंत, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांपर्यंत. आणि पायरीवर बसलेल्या शर्वाणीच्या ओठांशी दर आकड्यानंतर एक शब्द येत होता, हजर, आणि ती तो आतच ठेवत होती, पुढचा आकडा नीट ऐकू यावा म्हणून.